तक्त्याबाहेरचा चंद्र

गच्चीच्या जिन्याशी चष्मेवाल्यांनी मुलाला पुढे घातलं. गुडघे धरलेत, तू हो पुढे, म्हणाले. मुलगा म्हणाला, छे, तुम्हीच आधी. शेवटी दोघंही कठडा धरून सावकाश वर आले.

गुडघे ठणठणीत होते. गेले होते ते डोळे, आणि ही गोष्ट चष्मेवाल्यांनी वर्षभर पोटात ठेवली होती. दिवसा किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढं दिसे. दिवे लागले की तेही बंद. उभा जन्म त्यांनी लोकांच्या चष्म्याचे नंबर काढले होते. आपल्यालाच दिसत नाही हे मुलाला कळलं, तर तो प्रेमानं घरी बसवणार, हे त्यांना ठाऊक होतं. घरी बसणं म्हणजे भिंतीकडे बघत मरणाची वाट पाहणं, असं त्यांचं मत होतं. त्यातून भिंतही धड दिसत नव्हती.

आजवर निभावलं होतं. मुलगा दर वर्षी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायचा आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवायचे. त्या घरात तक्ता सगळ्यांनाच तोंडपाठ. मुलगा तर पाढ्यांच्या आधी तक्ता शिकला होता.

पण गेल्या महिन्यात एका शिक्षिकेच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसली, उजवी डावीकडे. बाई दुकानात येऊन बरंच बोलल्या. आपल्याच हातून झालं असणार म्हणून चष्मेवाल्यांनी मुकाट्यानं चूक अंगावर घेतली. मुलानं चकार शब्द काढला नाही. त्याच्या त्या समजूतदारपणाचीच चष्मेवाल्यांना धास्ती वाटली.

आणि आज तो म्हणाला, "बाबा, ही म्हणतेय, दोघं वर जाऊन ग्रहण बघा."

चष्मेवाल्यांनी ओळखलं. बायकोचं नाव पुढे करून पोरगा परीक्षा घेतोय. चंद्र काही तक्त्यावर नसतो.

पण तेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दुपारी रेडिओला कान लावून त्यांनी सगळं घोकलं होतं: आपल्या शहरातून ग्रहण कधी दिसणार, कुठल्या बाजूनं लागणार, चंद्र लाल कधी होणार. वेळ सांगायला चौकातल्या घड्याळाचे टोले होतेच.

वर गार, दमट वारा सुटला होता. शेजारच्या गच्च्यांवरून आवाज नव्हता. लोकांना हल्ली कशाचं कौतुकच राहिलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग बरंही वाटलं. मध्येच बोलून घोळ घालणारं कुणी नको होतं.

टोले पडले. चष्मेवाल्यांनी मान वर केली.

"लागलं बघ. डाव्या अंगाला, खालून."

"हो," मुलगा म्हणाला. "उंदरानं कुरतडल्यासारखं."

चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मग गप्पा सुटल्या. मुलगा लहान असताना याच गच्चीवर त्याला खांद्यावर घेऊन ग्रहण दाखवलं होतं, त्याची आठवण निघाली. मुलगा म्हणाला, तो चंद्र मला अजून जसाच्या तसा दिसतो.

पुढच्या टोल्यांची चष्मेवाले वाट बघत होते, तोवर मुलगाच म्हणाला, "पुरता लाल झाला, बाबा. घासलेल्या तांब्यासारखा."

रेडिओवाल्यांचं गणित थोडं हुकलं म्हणायचं. "सुरेख," चष्मेवाले म्हणाले.

मग मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, एवढ्यात दुकान सोडायचं मनात आणू नका. तुमच्याशिवाय मला नाही निभायचं."

परीक्षा पार पडली होती. लेकाला फसवल्याचं वाईट वाटत होतं, पण उद्या दुकान उघडायला जायचं याचा आनंद त्याहून मोठा होता.

एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. सूनबाई लगबगीनं दोरीवरचे कपडे काढायला आल्या आणि मध्येच थबकल्या.

"अजून इथंच? संध्याकाळपासून आभाळ गच्च भरलंय. चंद्र आज दिसलाच नाही कुणाला. आणि दोघं दोन दिशांना तोंडं करून बघताय काय?"

पकडलो गेलो, चष्मेवाल्यांना वाटलं. आता मुलगा हसेल आणि म्हणेल, मला माहीत होतं, बाबांचं मन राखत होतो. ते त्या हसण्याची वाट बघत राहिले. मुलगा हसला नाही.

दोन थेंब पडले. खाली जायला चष्मेवाल्यांनी कठडा चाचपला. कठड्याच्या आधी त्यांना मुलाचा हात लागला. तोही कठडाच शोधत होता.