घाटराणी
जिममध्ये सगळ्यांच्या समोरच्या सायकलवर बसून ती रोज वीस जणांकडून पेडल मारून घ्यायची. "चढ आलाय, दम सोडू नका!" असं ती ओरडली की सगळे घामाघूम होऊन तो नसलेला चढ चढायचे. कौतुकाने ते तिला घाटराणी म्हणायचे. एकदा क्लास संपल्यावर नेहमीचे एक काका म्हणाले, "घाटराणी, रविवारी आम्ही खऱ्या रस्त्यावर निघालोय. तुम्ही पुढे, आम्ही मागे." टॉवेलने तोंड पुसत तिने खरं ते सांगून टाकलं. "मला सायकल येतच नाही हो. ही जागेवरची पडत नाही, म्हणून चालवते." सगळे पोट धरून हसले. "काहीही हं, ताई!" म्हणत निघूनही गेले. ही थट्टा नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं, तेव्हा खोलीत फक्त पंखे फिरत होते. रविवारी सकाळी भाड्याची सायकल घेऊन ती एकटीच मैदानावर गेली. लहानपणी बाकीच्या पोरांच्या सायकलची सीट मागून कुणी ना कुणी धरायचं. तिच्या घरी कुणालाच सवड नव्हती. ती पडली. कोपर खरचटलं. पुन्हा पडली. पायांत जोर भरपूर होता, पण तोल सापडेना. आणि मग अचानक सापडला. तोंडावर वारा आला, जमीन मागे पळू लागली. "जमलं!" ती केवढ्याने तरी ओरडली आणि कुणी ऐकलं का म्हणून वळून पाहिलं. मैदान रिकामं होतं. पुढे कुंपण जवळ येत होतं, आणि ब्रेक एकदम दाबायचा की हळूहळू, हे विचारायलाही कुणी नव्हतं.