लिंबू कोण ठेवतंय

उजाडायच्या बेतात होतं आणि अनुपमा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं दबा धरून बसली होती. हातात मोबाईल, व्हिडिओ काढायच्या तयारीत. समोर उसात शिरणाऱ्या पाऊलवाटेचं तोंड. आज सिंधूबाईला रंगेहाथ धरायचीच, असं तिनं ठरवलं होतं.

गेले काही दिवस रोज सकाळी त्या तोंडाशी उतारा सापडत होता. टाचण्या टोचलेलं लिंबू, कुंकू, कधी एखादी काळी बाहुली. ही वाट म्हणजे वस्तीवरून शाळेच्या बसथांब्याला जायचा जवळचा रस्ता. लिंबू दिसल्यापासून सगळी वस्ती वळसा घालून डांबरी रस्त्यानं जाऊ लागली. पोरं, डेअरीला दूध घालणाऱ्या बाया, सगळे. एकटी अनुपमाची प्रगती तेवढी अजून उसातून जायची. अनुपमा न्हावऱ्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होती. लिंबू पोह्यांवर पिळायचं असतं, त्याला भ्यायचं नसतं, असं तिनं लेकीला बजावलं होतं. लेक रोज लिंबाला लाथ मारायची आणि मगच उसात शिरायची. आईला तिचा फार अभिमान वाटायचा.

संशय सिंधूबाईवर होता आणि त्याला कारणही होतं. वाट जायची ती सिंधूबाईच्या बांधावरून. ती मोडून तिथवर ऊस लावायचा बाईचा जुना विचार होता. माणसं फिरकायची थांबली की वाट आपोआप मोडते, त्याला कोर्टकचेरी लागत नाही. एकदा संशय आला की सगळंच त्यात बसतं. सिंधूबाई हसली तरी अनुपमाला ती मुद्दाम हसल्यासारखी वाटायची, आणि नाही हसली तर मनात पाप असल्यासारखी.

त्याच्या थोडं आधी बिबट्याचंही निघालं होतं. अनुपमाचे सासरे, हौसराव आबा, यांना याच उसाच्या पाटाच्या कडेला ओल्या मातीत ठसा दिसला होता. ते दारोदार सांगत फिरले. लोक म्हणाले, बिबट्या तिकडं निमोण्याला हाय, इकडं कशाला येतोय. ऐकलं आणि पुन्हा त्याच वाटेनं गेले. अनुपमा मात्र ठसा बघायला गेली होती. तोवर त्यावरून ट्रॅक्टर गेला होता. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय आबा, कुत्र्याचा पाय असेल, पुरावा पाहिजे, असं ती म्हणाली. आबांच्या कानात हे सिंधूबाईनंच घातलं असणार, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

त्या घरात पुरावा मागायची सवय आबांनीच लावली होती. तरुणपणी ते चौकातल्या उताऱ्यातली अंडी उचलून घरी आणायचे आणि खायचे. देवळाची पायरी ते कधी चढले नाहीत. सासरा-सुनेचं म्हणूनच चांगलं जमायचं.

पावलं वाजली. डोक्यावरून टॉवेल घेतलेलं कुणीतरी वाटेच्या तोंडाशी आलं आणि वाकलं. अनुपमानं मोबाईल वर धरला. स्क्रीनवर आधी लिंबू दिसलं, मग काठी दिसली. ती काठी तिच्याच घरातली होती.

"आबा?"

आबा दचकले नाहीत. लिंबाभोवतीचं कुंकू नीट केलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. अनुपमाला रडू यायच्या आधी राग आला. सिंधूबाईसाठी राखून ठेवलेलं सगळं तिनं आबांना सुनावलं. आयुष्यभर ज्याची टिंगल केली तेच करताना लाज कशी वाटली नाही, पोरांच्या मनात भीती घालून काय मिळवलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बिबट्या हाय म्हणून घसा फोडला, पोरी. बिबट्याला कुणी भ्यालं न्हाई," ते म्हणाले. "लिंबाला समदी भ्याली."

मला तरी सांगायचं, असं ती म्हणाली, पण आवाज आता खाली आला होता.

"तुला सांगितलंच हुतं की." आबा उसाकडं बघत होते. "समद्या वस्तीची पोरं वाट सोडून गेली. आपली तेवढी प्रगती ऱ्हायली."

तेवढ्यात प्रगतीच पळत आली. पाठीला दप्तर, बस चुकायची घाई. तिनं नेहमीसारखी लिंबाला लाथ मारली आणि वाटेत शिरली. अनुपमानं तिला दप्तराला धरून मागं ओढलं, इतक्या जोरात की पोर कावरीबावरी झाली. आत उसात काहीतरी सळसळलं. वारा असेल. पण अनुपमाला आता वाऱ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. घरंगळलेलं लिंबू तिनं उचललं, माती पुसली आणि पुन्हा वाटेच्या मधोमध ठेवलं.

वर पाहिलं तर बांधावर सिंधूबाई उभी. हातात दुधाची किटली, मागं डेअरीला निघालेल्या आणखी बाया.

"म्हंजी तुमी व्हय, मास्तरीणबाई," सिंधूबाई म्हणाली. "आमाला शानपन शिकवायचं, आन् लेकरांच्या वाटंवर करणी करायची."

आबा पुढं झाले. अनुपमानं त्यांचा हात दाबला. खरं सांगितलं तर या बाया हसतील, आणि उद्या सगळी पोरं पुन्हा याच वाटेनं पळतील. उद्यापासून वस्तीत आणि शाळेत आपल्याला काय म्हणतील, तेही तिला स्वच्छ दिसत होतं.

"होय, मीच ठेवते," ती म्हणाली. "आणि या वाटेनं जो जाईल, त्याचं काय होईल ते मला सांगता यायचं नाही."