घराशेजारचा विमानतळ

मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या. मुंबईतल्या आमच्या वाकोल्यात डोक्यावरून विमान गेलं की वाजतातच. आम्ही विमानतळावरून नुकतेच परतलो होतो. नागपूरला आबा, माझे वडील, आयसीयूत होते. नवऱ्यानं घाईघाईत तिकिटं काढली आणि लेकीला घेऊन आम्ही घराशेजारच्या विमानतळावर पोचलो. दारातला जवान तिकीट बघून म्हणाला, “ये नवी मुंबई का है, मॅडम.” तो नवा विमानतळ खाडीपलीकडे, दीड तासावर; तिथलं विमान सव्वा तासात सुटणार होतं, दोन्हीकडून पुढचं उद्या. “एअरपोर्ट म्हणजे आपला हाच वाटला गं,” आता नवरा पुटपुटला. “वाचता येत नाही तुला? माझा बाप जातोय तिकडे, केयूर.” तिकीट माझ्याही फोनवर आलं होतं, मीही उघडलं नव्हतं, म्हणून तर संताप आवरत नव्हता. आबांचा दिवाळीत इथंच राहिलेला चष्मा मुठीत धरलेल्या लेकीनं हळूच विचारलं, “आई, आपण निघालो होतो, हे आबांना कळेल ना?”