कॅप्टनबाईचं नशीब

नणंदेची कादंबरी छापून आली तशी सावित्रीच्या पोटात दुखायला लागलं, असं नाटे बंदरावरच्या बायका म्हणत. दुखत होतंच, पण हेवा नणंदेचा नव्हता, कादंबरीतल्या कॅप्टन शलाकाचा होता. आजपासून वीस वर्षांनी होणाऱ्या युद्धात शत्रूचं एक जहाज शलाकाच्या नवऱ्याची होडी चिरडून काळोखात निघून जातं. ती फौजेत शिरते, ते जहाज हुडकून काढते आणि ड्रोन सोडून त्याला तळाला धाडते.

"वयनी, दादाच्या आठवणीनंच लिहिलंय गो," वेदिका म्हणाली. "आवडली ना शलाका?"

सावित्रीने विळीवर बांगड्याचं डोकं खटकन उडवलं.

"जळते मी तिच्यावर."

"का गो? तिचाही नवरा दादासारखाच गेला ना?"

"गेला. पण तिला त्या जहाजाचं नाव तरी कळलं."