नवीन रचनेबद्दल आपले मत

बटण जागेवर नव्हतं.

दादासाहेबांनी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात तीनदा क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. सुट्टीच्या दिवशी कंपनीने सगळे कम्प्युटर अपडेट करून टाकले होते. एकवीस वर्षं कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण आता खाली मधोमध, पाच-सहा चित्रांच्या गर्दीत जाऊन बसलं होतं. ते कसंबसं सापडलं, तर फाइलीवर उजवं क्लिक केल्यावर येणारी यादी निम्मी झालेली. तिच्यात प्रिंट नव्हतंच. बाहेर ब्रेकचे सुटे भाग भरलेला ट्रक गेटपासची वाट बघत होता. साडेआठच्या आत तो पोचला नसता, तर गाड्या बनवणाऱ्या कंपनीची अख्खी लाइन थांबली असती.

डिस्पॅचच्या त्या खोलीत दोनच टेबलं. दुसऱ्यावर समाधान, दादासाहेबांचा चुलत भाऊ. दोघं पाठीला पाठ करून बसत, आणि सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दादासाहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’च्या खाली अठरा नावं होती. समाधानचं नव्हतं. दादासाहेबांनी छापणाऱ्यावर ढकललं. समाधान लग्नाला आला नाही. त्याच वर्षी तो निघोजे गाव सोडून आईला घेऊन थेरगावला राहायला गेला. तेव्हापासून कामाचं काही असलं तर निरोप गेटवरच्या भैरूमार्फत जायचा.

भैरूच खिडकीशी आला. “दादासाहेब, ड्रायव्हर बोंबलायला लागलाय.”

“प्रिंटचं कुठं घातलं ह्या लोकांनी?” दादासाहेब पडद्याला म्हणाले.

मागे खुर्ची सरकली. समाधान उठून आला, त्यांच्या खांद्यावरून वाकला आणि माउस यादीच्या अगदी खालच्या ओळीवर नेला. क्लिक केल्याबरोबर जुनी लांबलचक यादी उघडली. प्रिंटर घरघरला. ट्रक गेला. समाधान एक शब्द न बोलता परत जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी कॉपी सापडेना. शब्द जाऊन तिथे बारीक चित्रं आली होती. तिसऱ्या दिवशी तारखेवर क्लिक केलं तर भलतंच काही उघडलं. दर वेळी समाधान उठून यायचा. आधी नुसतं बोट दाखवायचा. मग “हितं,” म्हणायला लागला. मग “हितं न्हाई, त्याच्या खाली.”

शनिवारी दादासाहेबांचा संयम सुटला.

“नेहमीच्या जागेवरनं असं कसं काढून टाकतात राव? माणूस तिथंच बघणार की!”

“व्हय,” समाधान म्हणाला. “माणूस तिथंच बघतो. पुन्हा पुन्हा बघतो. मग त्याला वाटतं, आपल्याला हितं जागाच न्हाई.”

तो कम्प्युटरबद्दल बोलत नव्हता. दादासाहेबांनी माउस सोडला.

“छापणाऱ्याची चूक नव्हती, समा,” ते म्हणाले. “यादी मीच लिहून दिली होती. मुद्दाम केलं न्हाई रं. गडबडीत तूच राहिलास. पण ते कबूल करायला तोंड झालं न्हाई.”

फोन वाजून वाजून थांबला, तरी कुणी उचलला नाही.

“आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दादा,” शेवटी समाधान म्हणाला. “तुझी लई आठवण काढती.”

रविवारी दादासाहेब ओल्या शेंगांची पिशवी घेऊन थेरगावला गेले. समाधानच्या आईने, यशोदाकाकूंनी, शेंगा ठेवून घेतल्या आणि सहा वर्षांच्या शिव्या एका बैठकीत देऊन टाकल्या. मग जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतताना डांगे चौकात मोटारसायकल अर्धा तास अडकली, पण दादासाहेबांना राग आला नाही.

त्यानंतरही त्यांना रोज काही ना काही सापडत नसेच. समाधान उठून यायचा, दाखवायचा, आणि मग टेबलाच्या कडेला टेकून चहा संपेपर्यंत बोलत बसायचा.

महिन्याभराने कंपनीच्या आयटी विभागातली वर्षाली वाकडहून आली. ‘नवीन रचनेबद्दल आपले मत’ असं छापलेले कागद तिने आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवले होते. आता चाळीसच्या चाळीस भरून आले होते.

“नुसतं धुतलंय सगळ्यांनी,” ती हसत म्हणाली. दादासाहेबांनी पानभर लिहिलं होतं: देव्हारा उचलून न्हाणीत नेऊन ठेवल्यासारखं केलंय. “ज्यांना नकोय त्यांचं पूर्वीसारखं करून देते, काका. पाच मिनिटांचं काम आहे.”

“करा,” दादासाहेब म्हणाले. का कोण जाणे, त्यांना आनंद झाला नाही.

समाधान गेटवर गेला होता. वर्षाली आधी त्याच्याच टेबलाशी बसली आणि थबकली.

“यांचं तर जुनंच आहे. हां, आठवलं! पहिल्याच सोमवारी दुपारी फोन करून यांनी सगळं विचारून घेतलं होतं, जुनं कसं करायचं ते. तुम्हाला नाही सांगितलं?”

दादासाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

“कमाल आहे. आणि मत बघा काय लिहिलंय. चाळीस जणांत एकट्यानेच.” तिने गठ्ठ्यातून एक कागद काढून पुढे केला.

समाधानच्या गिचमिड अक्षरात दोनच ओळी होत्या. ‘नवीन रचना फार उत्तम आहे. दर महिन्याला अशीच बदलत जावी.’

दादासाहेबांनी तो वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग वर्षालीपुढे हात केला.

“माझा कागद द्या बरं, मॅडम. मला मत बदलायचंय.”