वीस भाकरी

ऑपरेशननंतर चार वर्षं माझ्या पोटात एकाच जागी सुरी फिरते आहे. रिपोर्ट सगळे चांगले, म्हणून घरात मी नाटकी ठरले. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्या जागेवर नेमकं बोट ठेवलं. "पोटाच्या स्नायूत नस अडकली आहे. आता ती थोडा वेळ बधिर करते. दुखायचं थांबलं, तर नस तीच. मग उद्या जास्त दिवस टिकणारं इंजेक्शन देऊ. संध्याकाळी फोन करते."

सुई गेली आणि दहा मिनिटांत दुखणं थांबलं. चार वर्षांनी मी सरळ उभी राहिले. इतकं सुख झालं की घरी येऊन मूर्खासारखी कामालाच लागले. चादरी धुतल्या, वीस भाकरी थापल्या.

"बघा, सुई टोचली की नाटक बंद!" सासूबाई म्हणाल्या.

चार वाजता औषध उतरलं. मी ओट्याला धरून वाकले होते, तेव्हाच फोन वाजला. नवऱ्याने उचलला. "एकदम ठणठणीत आहे हो, वीस भाकरी केल्या! उद्याचं राहू द्या."

मी फोन हिसकावला. "बाई, पुन्हा दुखतंय."

"मग भाकरी थापताना दुखत नव्हतं का गं?" नवरा हसला.

"नव्हतं!" मी ओरडले. "म्हणूनच थापल्या!"

"हेच मला ऐकायचं होतं," बाई म्हणाल्या. "उद्या नऊला या. सोबत घरचं माणूस लागेल, त्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही."

"कोण येतंय?" मी दोघांना विचारलं.

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.