घरामागचं तळं

जीप मोठ्या तळ्याच्या बांधावर थांबली तेव्हा सुलेमानच्या हातात औषधाची पुडी होती. ती पायाखालच्या चिखलात दाबून तो उभा राहिला.

मत्स्य खात्याच्या बाई उतरल्या. सोबत बर्फाची पेटी. "पेणच्या बाजारात तुमचाच जिताडा जातो ना? दोन मासे तपासायला न्यायचेत. बंदी असलेली औषधं वापरतात लोक, आणि ती जातात माणसांच्या पोटात."

मागल्या साली सुलेमानच्या ह्या तळ्यात रोग आला आणि निम्मे मासे मरून उलटे तरंगले. तेव्हापासून तो हे औषध खाद्यात कालवत होता. बायकोला, आसियाला, त्यानं डब्यातलं औषध ताकदीची पावडर म्हणून सांगितलं होतं. तिच्या जिवाला घोर कशाला? पण घरामागच्या छोट्या तळ्यात त्यानं औषधाचा कणही पडू दिला नव्हता. लेक सायरा पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिच्या ताटात त्याच तळ्यातला जिताडा जायचा.

"विकायचा मासा घरामागं हाय," तो म्हणाला. "ह्या तळ्यात काय नाय. पानी बिघडलंय."

तेवढ्यात मोठ्या तळ्यात सपकन काहीतरी उसळलं. बाईंनी वळून पाहिलं.

"बोयटं. खाडीतली मासळी, आपली आपण शिरते." सुलेमान घाईनं म्हणाला.

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. मग घराच्या दिशेनं चालू लागल्या.

पहिल्या खेपेला त्याच्या हातून जाळं उघडलंच नाही. दुसऱ्या खेपेला दोन जाडजूड जिताडे आले. बाईंनी पेटीला सील लावलं.

"औषध सापडलं तर?" त्यानं विचारलं.

"तळं बंद. पुढं कोर्टात."

जीप दिसेनाशी झाली तसा तो पडवीत मटकन बसला. आत सायरा कालवण-भात जेवत होती. "अब्बा, या ना जेवायला." सकाळपासून पहिल्यांदा त्याचा श्वास मोकळा झाला.

आसियानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "कशाला घाबरलात एवढे? आपले मासे कसे टुणटुणीत झालेत, बाईंनी बघितलं ना?"

"व्हय."

"होनारच. तुमच्या डब्यातली ताकदीची पावडर मी रोज मूठभर टाकते ह्या घरामागच्या तळ्यात. पोटुशी पोर खाते, तिच्या माशांना नको?"